आई चालेल का?

आज सकाळी साडेनऊला परत फोन आला. "सर, आप कपल हैं?" समोर एक थकबाकीदार हात जोडून बसलेला, आणि मी फोनवर ओरडतोय, "नाही! मी एकटा आहे!" थकबाकीदाराने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

मूळ प्रकरण कळंगुटचं. मी सावंतवाडीच्या एका पतसंस्थेत वसुलीला आहे. समोरचा खोटं बोलायला तोंड उघडतो तेव्हाच मला ते ऐकू येतं, असा माझा समज. एक सुटी उरली होती, म्हणून एकटाच गोवा बघायला निघालो. आपल्याला कोण फसवणार, या मस्तीत.

ती मस्ती दुपारपर्यंत टिकली. जुन्या गोव्यात बॉम जीझस बासिलिकेबाहेर मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने माझी चाल बघून मेणाचा गुडघा पुढे केला. तिथं मेणाचे हातपाय मिळतात, जे दुखतं ते वाहायचं. निदान अचूक होतं, भाव नव्हता. बासिलिका 1605 ची, बाहेरून गिलावा नाही, नुसता जांभा दिसतो. आमच्याकडे कुणी घर असं सोडलं तर पैसे संपले म्हणतात.

कळंगुटच्या वाळूत कान कोरणारा भेटला. हे लोक तुमच्या कानातून खडे काढतात, आणि खड्यागणिक दर लावतात. खडा आधी कुठे होता हे विचारायचं नसतं. त्याने अभिप्रायांची वही उघडली. रशियन, जर्मन, कसलीकसली अक्षरं. मी मराठी म्हटल्यावर त्याने अभिमानाने एक पान काढलं. निळ्या शाईत, सुवाच्य: 'याच्याकडून कान कोरून घेऊ नये. माझे 200 गेले. मु. पो. चिपळूण.' त्याला वाचता येत नव्हतं. मी "छान लिहिलंय" म्हणालो आणि पुढे सटकलो.

बागा बीचच्या रस्त्याला स्कूटरवरून एक पोरगा आडवा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात कार्डांचा गठ्ठा. "सर, एक छोटा सर्व्हे!" आजोबांच्या वेळी गोवा म्हणजे आम्हाला खराखुरा परदेश होता. 19 डिसेंबर 1961 ला तो परदेशपणा संपला, पण किनाऱ्याला कुणी कळवलेलं दिसत नाही. मेनूकार्डं रशियनमध्ये, आणि मला घरापासून दोन तासांवर सगळे हिंदीत बोलावतात. असो. मी फॉर्म भरला. मोबाईल नंबरचा शेवटचा आकडा अर्थातच मुद्दाम बदलून.

मग कार्ड खरवडलं. आत 'प्रथम पारितोषिक'. पोरगा दोन्ही हात डोक्याला लावून ओरडला, "ओ माय गॉड! सर, महिन्यात पहिलंच!" सात दिवस सहा रात्री, कुठल्याही रिसॉर्टला. फक्त इथून दहा मिनिटांवर येऊन नव्वद मिनिटांचं प्रेझेंटेशन ऐकायचं. बक्षिसाच्या नावाने बोलवायचं आणि हॉलिडे क्लबचं सभासदत्व गळ्यात मारायचं, हा डाव मला पाठ होता. आता कसं नाही म्हणायचं याची वाक्यं मी जुळवत होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, "मॅम कुठे आहेत?"

"मॅम नाहीत."

"हॉटेलवर?"

"नाहीतच."

त्याचा चेहरा लाईट गेल्यासारखा झाला. "मग नाय जमणार, काका."

'सर'चा 'काका' व्हायला चार सेकंद लागले. मला तिथं जायचं नव्हतंच. पण न जाणं हा माझा निर्णय होता, तो याने का घ्यावा? मी म्हटलं, "का नाही जमणार?"

"कपलच लागतं. नियम आहे."

आम्ही कर्जाला जामीनदार मागतो, तशी हे बायको मागतात. रोज लोकांना अपात्र ठरवणारा मी, पण ते इतकं झोंबतं हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "आई चालेल का? तिच्या नावावर काजूची बाग आहे. कर्ज नाही एक रुपयाचं."

त्याने खरंच फोन लावला, स्पीकरवर. "सर, मदर चलेगा क्या?" पलीकडून आवाज, "कितने साल की?" पोरगा माझ्याकडे बघतोय. "चौऱ्याहत्तर," मी म्हटलं. पलीकडे फोन कट.

आणि हे एकट्या पोरट्याचं नाही. लॉजवाला आधी माझ्या मागे बघतो, मग माझ्याकडे. क्लबच्या दारावर जोडप्याला फुकट, एकट्या पुरुषाला दंड भरल्यासारखं तिकीट, नाहीतर सरळ "स्टॅग एंट्री बंद." शेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा आणि छत्री घेऊन फिरणाऱ्या माणसाला स्टॅग! थाळीसुद्धा वेटर दोन मांडायला जातो आणि एक उचलून नेतो, ती नेताना आवाज करतो.

पोरग्याने कार्ड परत मागितलं. "मोजून असतात." मग जरा घुटमळला. "खंयचे तुमी?"

"सावंतवाडीचो."

"म्हणजे आमचेच मरे!" तो गोव्यातल्याच साखळी गावचा निघाला. स्कूटर स्टँडला लावली. काय करता, किती शिकलात, घर स्वतःचं का, जेवणात मासे चालतात का. वसुलीला गेल्यावर मी विचारतो त्याच क्रमाने. मग हळू आवाजात, "माझी एक आत्या आहे. बँकेत आहे. तिला पण कोणी शांत माणूसच पाहिजे. नंबर देऊन ठेवा."

मी शर्टाची कॉलर नीट केली. नंबर दिला. फॉर्मवरचा नव्हे, खरा. शेवटचा आकडा त्याला नीट ऐकू आला नसेल म्हणून दोनदा सांगितला.

बारा दिवसांत सतरा फोन झाले. हॉलिडे क्लब, प्लॉट, विमा, परत हॉलिडे क्लब. आत्याचा एकही नाही.