एकटाच? बँकॉकला?

‘बँकॉक’ हा शब्द मराठी माणसाला साध्या आवाजात उच्चारता येत नाही. सिंगापूर म्हणताना आवाज सरळ राहतो, दुबई म्हणताना किंचित श्रीमंत होतो, पण बँकॉक म्हटलं की समोरच्याची एक भुवई आपोआप वर जाते. त्यात ‘एकटाच’ जोडलंत तर दुसरीही जाते.

खरं तर आम्ही तिघे मित्र जाणार होतो. ऐन पावसाळ्यातली तिकिटं स्वस्त मिळाली होती आणि स्वस्त होती म्हणूनच पैसे परत मिळणार नव्हते. निघायला बारा दिवस राहिले असताना एकाच्या मणक्याने मान टाकली. दुसऱ्याच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात ठरलं. राहिलो मी. रजा रद्द करावी म्हणून बायकोसमोर विषय काढला, तर ती भेंडी चिरता चिरता म्हणाली, “जा की. पैसे कशाला पाण्यात घालायचे?”

“पण लोक काय म्हणतील?”

“काही म्हणत नाहीत. तुमच्याच्याने काय होणारंय?”

इतका अपमानकारक विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता. तिची अट एकच होती, श्रावण पाळायचा. मांस-मच्छी नाही, बिअर नाही.

लोकांनी मात्र म्हणायचं ते म्हटलंच. सोसायटीचे खजिनदार लिफ्टमध्ये भेटले. “एकटेच?” मी म्हटलं, “हो.” “व्वा!” म्हणाले. त्या ‘व्वा’मध्ये एक ‘व’ जास्तीचा होता. मेहुण्याने फोनवर सल्ला दिला, “दाजी, मज्जा करा, आम्ही काही विचारणार नाही.” न विचारण्याचं आश्वासन ज्याने ऐकलं असेल, त्यालाच कळेल की ही चौकशीची सुरुवात असते. मी पंचवीस वर्षं हिशेब तपासण्यात घालवली आहेत. पावती नाही तर खर्च नाही, हा आमचा धर्म. विमानात बसतानाच ठरवलं की चार दिवसांचा तासातासाचा पुरावा गोळा करायचा.

पहिलाच पुरावा अंगाशी आला. हॉटेल मी नकाशा पाहून, स्टेशनजवळचं, स्वस्तातलं निवडलं होतं. स्टेशनचं नाव नाना. तिथली उन्नत रेल्वे 1999 पासून धावते, डोंबिवलीकराला लाज वाटावी इतकी थंडगार आणि रिकामी. दारात लोक रांग लावून आधी उतरणाऱ्यांना उतरू देतात, हे दृश्य मी दोन गाड्या सोडून पाहिलं. मग घरच्या ग्रुपवर टाकलं, “सुखरूप पोचलो. नानाला उतरलोय.”

आईचा लगेच निरोप, “कोणते नाना? चिपळूणचे?”

मी लिहिलं, “अगं, स्टेशनचं नाव आहे.”

“बरं झालं, ओळखीचं कुणीतरी आहे. त्यांना नमस्कार सांग.”

आणि मेहुण्याने, एक अक्षर न लिहिता, अंगठा पाठवला. तो अंगठा मला संध्याकाळी कळला. दिवे लागल्यावर हॉटेलबाहेर पडलो, तर हे बँकॉकमधल्या प्रसिद्ध रात्रबाजारांपैकी एकाचं स्टेशन होतं, आणि तो बाजार भाजीचा नव्हता. नाना हे मूळच्या गुजराती घराण्याचं नाव, एकेकाळी तिथे त्यांच्या मोठ्या जमिनी होत्या. म्हणजे आईचा अंदाज फार चुकला नव्हता. चिपळूणऐवजी जरा वर सरकायला हवं होतं, एवढंच. मी मान खाली घालून कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये शिरलो आणि पाव घेतला. पावावर मुदतीची तारीख पाहिली तर साल 68. एकोणीसशे की दोन हजार, या विचारात पाच मिनिटं गेली. तिथे बुद्धसंवत चालतो, आपल्या 2025 ला त्यांचं 2568. पाव ताजाच होता. हे साल पुढे मला नडणार होतं.

दुसऱ्या दिवशी राजवाडा. बँकॉकमध्ये राजवाड्याबाहेर एक सभ्य दिसणारा माणूस भेटतो, तो “आज बंद आहे” म्हणतो आणि स्वस्त टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, करून देतो, हे मी निघण्यापूर्वी किमान सहा ठिकाणी वाचलं होतं. मेहुण्यालाही वाचून दाखवलं होतं. आणि तरीही, राजवाड्याच्या भिंतीपाशी, घामाने निथळत असताना, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ अत्यंत कळवळ्याने म्हणाले की आज पूजा आहे, दुपारनंतर उघडेल, तोवर वीस बाथमध्ये तीन देवळं पाहून या. मला वाटलं, ते फसवणारे वेगळे. हे तर आमच्या मुकुंदकाकांसारखे दिसतात.

एक देऊळ झालं. दुसरं देऊळ म्हणजे शिंप्याचं दुकान निघालं. रिक्षावाल्याने हात जोडून सांगितलं की दहा मिनिटं बस, मला इंधनाचं कुपन मिळतं. त्याच्या प्रामाणिकपणाने मी विरघळलो. आतल्या दुकानदाराने शुद्ध हिंदीत “कहाँ से?” विचारलं, थंड पाणी दिलं आणि बोलता बोलता माझ्या छातीभोवती टेप गुंडाळली. छत्तीस अंशांच्या उकाड्यात मला लोकरी सुटाची माया लावण्याचं त्याचं कसब खरोखर पाहण्यासारखं होतं. मी शर्थीने लढलो आणि फक्त एक टाय घेऊन सुटलो. जांभळा. तिसऱ्या ‘देवळात’ माणकं विकायला होती. तिथून निसटून, पावसात भिजून, राजवाड्याच्या खिडकीशी पोचलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. खिडकी साडेतीनला बंद होते. त्या गृहस्थाला खोटारडा म्हणणं योग्य नाही. राजवाडा बंद होता. त्यांनी जरा लवकर सांगितलं, इतकंच.

तिसऱ्या दिवशी मी कालव्यातून गेलो. सेन-सेप कालव्यातली बोट धक्क्याला लागते, चार श्वास थांबते आणि सुटते. परदेशी पाहुणे काठावर विचार करत उभे राहतात. मी मात्र फलाट सुटायच्या आत उडी मारणाऱ्यांच्या वंशातला. सफाईने चढलो, खांद्याने जागा केली आणि कडेची सीट मिळवली. आयुष्यभराची लोकलची तपश्चर्या परदेशात फळाला आलेली पाहून डोळे भरून आले. दुसऱ्या क्षणी चेहराही भरला, कारण समोरून दुसरी बोट आली होती आणि कालव्याचं पाणी काही तीर्थ नाही. मग कळलं, कडेच्या सीटवर दोर असतो. तो ओढला की प्लॅस्टिकचा पडदा वर येतो आणि सगळ्या रांगेचं रक्षण होतं. कडेला बसणं हा मान नसून ती नेमणूक आहे. शेजारच्या आजीने माझ्या हातात दोर दिला आणि नंतर प्रत्येक लाटेला माझ्याकडे, लग्नात आचाऱ्याकडे बघतात तसं बघितलं. हेल्मेट घातलेली कंडक्टर बोटीच्या बाहेरच्या काठावरून, सुतळीवर चालावं तशी चालत तिकिटं फाडत होती. मी दोन्ही हातांनी दोर धरलेला. पैसे आजीनेच माझ्या खिशातून काढून दिले.

पाचशे बाथ, म्हणजे आपले तेराशेच्या वर, मोजून अखेर राजवाड्यात शिरलो. तिथला पाचूचा बुद्ध पाचूचा नाही, हिरव्या जेडसारख्या दगडाचा आहे, जेमतेम 66 सेंटिमीटर उंच, आणि वर्षातून तीनदा, ऋतूप्रमाणे, खुद्द राजा त्याचे कपडे बदलतो. मी गेलो तेव्हा त्याच्या अंगावर पावसाळी पोशाख होता. मला पुन्हा जांभळा टाय आठवला.

पण मी रेंगाळलो ते ओवरीत. देवळाभोवतीच्या भिंतीवर 178 चित्रांत अख्खं रामायण रंगवलेलं आहे. त्यांचं ते रामकियेन. राम तोच, दहा तोंडांचा रावण तोच, फक्त त्याचं नाव थोत्साकान, म्हणजे दशकंठ. आईला दाखवायला म्हणून मी उत्साहाने मारुतीचे फोटो काढत सुटलो. पांढराशुभ्र, देखणा मारुती. शेजारी एक गाईड इंग्रजीत सांगत होती, ते कानावर पडलं आणि माझा फोन खाली आला.

थायलंडचा मारुती ब्रह्मचारी नाही.

सेतू बांधताना दगड कोण पळवतं ते पाहायला समुद्रात उतरला, तर तिथे रावणाची मत्स्यकन्या, सुवर्णमत्स्या. झालं. त्यांना मुलगाही झाला. आपल्याकडे मकरध्वजाच्या जन्मासाठी घामाच्या थेंबाची सोय करून ठेवली आहे, तिकडे इतके आढेवेढे घेतलेले नाहीत. पुढे बिभीषणाची मुलगीही आहे. मी भिंतीला टेकलो. विचार केला तर परदेशी एकटा जाऊन आलेला हा आपला पहिलाच पुरुष. आपल्या मारुतीने केवढी काळजी घेतली! जाताना ओळखीची अंगठी, येताना चूडामणी, सगळं कागदोपत्री चोख. लेखापरीक्षणात एक शेरा निघणार नाही. आणि त्याच माणसाची समुद्रापलीकडे ही कीर्ती! त्याचा जिथे निभाव लागला नाही, तिथे मी सोसायटीच्या खजिनदारांपुढे काय टिकणार? मारुतीचे सगळे फोटो पुसून टाकले. आई दर शनिवारी तेल वाहते.

श्रावण मात्र निभावला. तिकडे शाकाहाराला ‘मांगसाविरात’ म्हणतात, म्हणजे आपली मांसविरती. शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी निर्धास्त होतो, पण पपईच्या साध्या कोशिंबिरीतही माशाचं पाणी आणि सुकी कोळंबी असते, आणि त्या दोघांना तिकडे मांस न समजणारे बरेच भेटतात. शेवटी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 17 लिहिल्यासारखं दिसेल तिथे शिरायचं, एवढं शिकलो. ते 17 नसून ‘जे’ हे अक्षर असतं. ‘जे’ म्हणजे मासा नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. आजीचा चातुर्मास बँकॉकमध्ये गाडीवर मिळतो. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मी मात्र रोज खाल्ला. त्याबद्दल कुणाला खुलासा देणार नाही.

आता मसाज. कालव्यात दोर ओढून माझा खांदा आखडला होता. वाट फोच्या देवळात 46 मीटर लांबीचा बुद्ध शांत पहुडलेला आहे. त्याच्या पाठीमागे 108 कटोऱ्यांत नाणी टाकत गेलं की टण्‌ टण्‌ असा फार समाधानाचा आवाज येतो. एकशे आठावं नाणं टाकताना खांद्यातून कळ गेली. त्याच आवारात पारंपरिक मसाजाची जुनी शाळा आहे. देवळात, भरदुपारी, शाळेत! याहून निर्दोष मसाज जगात नसेल, असं म्हणून मी आडवा झालो. साठीच्या एका बाईंनी मला तासभर पुरणाच्या कणकेसारखं तिंबलं. कोपर, गुडघा, टाच, त्यांच्या शरीराचा एकही टोकदार भाग वापरायचा राहिला नाही. मी “आई गं” म्हणालो की त्या “सबाय?” विचारत, म्हणजे बरं वाटतंय का. उठलो तेव्हा खांदा सुटला होता, बाकी सगळं आखडलं होतं. पावती आठवणीने मागून घेतली.

घरी आल्यावर मेहुणा पेढे घेऊन हजर. मी आधी पावती समोर ठेवली. “देवळातला मसाज. 2019 साली युनेस्कोने वारसा म्हणून यादीत घेतलाय.” त्याने पावती उलटसुलट केली. सगळी थाई लिपी, वाचता येण्याजोगं एकच. “दाजी, यावर साल 2568 आहे. बिल बनवायचं तर नीट तरी बनवायचं.”

बायको तोवर फोटो बघत होती. चारशे बारा. बुद्ध, कळस, बोटी, आंबा-भात, पुन्हा बुद्ध. “यात तुम्ही कुठे आहात?”

खरंच, कुठेच नव्हतो. एकटा माणूस स्वतःचा फोटो काढतो तेव्हा त्यात फक्त नाकपुड्या येतात, आणि मागे दिसणारं वाट अरुणचं देऊळ आहे की गणेशोत्सव मंडळाचा देखावा, हे कोर्टातही सिद्ध होणार नाही. माझा पूर्ण उंचीचा फोटो एकच निघाला. तो पहिल्या दिवशी आईने फार आग्रह केला म्हणून एका वाटसरूकडून काढून घेतला होता. मी स्टेशनबाहेर उभा, डोक्यावर ठळक ‘नाना’ची पाटी, मागे लुकलुकते गुलाबी दिवे.

मेहुण्याने तो न विचारता सगळ्यांना पाठवला. खजिनदारांनाही.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. म्हणाली, “तू छान आलायस रे. पण नाना नाही आले का फोटोत?”