उद्या एकादशी

अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका चर्चच्या तळघरात गेल्या हिवाळ्यात एक कृष्णवर्णीय आजी संमतीपत्र वाचत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. एकेका ओळीखाली बोट सरकवत चौथ्या पानावर थांबल्या आणि म्हणाल्या, "माझं रक्त नंतर कुठे जाणार?" स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासांसाठी माहिती गोळा करणं हे माझं काम, त्यामुळे छापील उत्तर मला पाठ आहे. पण त्याच भागात वाढलेली आमची तरुण संशोधक खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसली. तासभर दोघी बोलल्या, मग सही झाली.

अलाबामातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासाच्या नावाखाली अंधारात ठेवलं. पेनिसिलिन आलं, तेही त्यांना दिलं नाही. तो तास त्यासाठी लागतो. १९९७ पासून इथल्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या पैशावर वांशिक अल्पसंख्याकांच्या म्हातारपणाचा अभ्यास करणारी केंद्रं चालतात. आमच्या मिशिगनमधल्या केंद्राच्या उभारणीत समाजमानसशास्त्रज्ञ जेम्स जॅक्सन यांचा मोठा वाटा होता. नवख्या संशोधकाला तिथे छोट्या अभ्यासापुरते पैसे आणि अनुभवी मार्गदर्शक मिळतात. शिवाय डेट्रॉइटच्या ज्येष्ठांच्या सल्लागार मंडळापुढे उभं राहावं लागतं, आणि याचा आम्हाला काय उपयोग, असं ते तोंडावर विचारतात.

आपल्याकडे २०२३च्या डिसेंबरात विधान परिषदेत सारथी या मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीवर, म्हणजे फेलोशिपवर, बोलताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं होतं, की पीएचडी करून हे काय दिवे लावणार. त्याच्या वर्षभर आधी केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिप बंद केली. फेलोशिप घेऊन पोरं स्पर्धा परीक्षेचाच अभ्यास करतात, असं माझे पुण्यातले नातेवाईक सांगतात. काही करतात, मलाही माहीत आहे. मग गाइडला जाब विचारा, काम तपासा. पैसे अडवल्याने मेहनत करणाराच आधी बुडतो.

माझी आत्या बार्शीजवळच्या खेड्यातली, शाळेची पायरी न चढलेली. विसरभोळेपणा वाढला म्हणून दवाखान्यात नेलं. तिथल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत आजची तारीख काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दशमी. उद्या एकादशी, उपास हाय." कागदावर शून्य पडलं. पुढे एक वाक्य लिहायला सांगितलं. तिथेही शून्य. मी शेजारीच बसले होते, आणि तिथी अगदी बरोबर होती.

हरियाणात बल्लभगढला १९९०च्या दशकात संशोधकांनी न शिकलेल्या वृद्धांसाठी हीच चाचणी हिंदीत नव्याने बेतली. वाक्य लिहिण्याऐवजी बोलून दाखवायला सांगितलं. हे सुचायला ओट्यावर म्हाताऱ्यांजवळ बसावं लागतं, महिनोन्‌महिने, आणि तेवढे दिवस त्या संशोधकाच्या घरची चूल कुणीतरी पेटती ठेवावी लागते. मला फेलोशिप म्हणजे एवढंच कळतं.

इथे अमेरिकेतही सगळं सुरळीत आहे असं नाही. २०२५ मध्ये अल्पसंख्याकांच्या आरोग्यावरची शेकडो अनुदानं सरकारने मध्येच थांबवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आमच्याकडे लोक त्या धास्तीतच कामावर येतात.

माझ्या मैत्रिणीचा भाचा सोलापूर जिल्ह्यात पारधी वस्त्यांवरच्या म्हाताऱ्या बायकांच्या आजारपणावर पीएचडी करतो. बहुतेकींना स्वतःचं वय ठाऊक नाही. म्हणून तो दुष्काळ, लग्न, पहिलं मूल असं विचारत विचारत वयाचा अंदाज बांधतो. ही युक्ती त्याला तिथल्याच एका आजीने शिकवली. सात महिने झाले, त्याची अधिछात्रवृत्ती आलेली नाही. परवा फोनवर म्हणाला, "ताई, चौदा जणींशी बोलायचं राहिलंय. त्यांतल्या दोघी गेल्या."