‘आपल्याकडं डिप्रेशन नसतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज आमच्या मराठवाड्यात फिरतोय. आधी भावकीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या जुन्या वर्गाच्या, आणि परवा बचत गटाच्या बायकांनीही तो पुढं पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : डिप्रेशन हा मुंबई-पुण्याच्या रिकाम्या माणसांचा आजार, आपल्याकडं कष्ट आहेत, भरलेलं घर आहे, देव आहे, शेतकरी जातो तो कर्जापायी, त्यात मनाचा काय संबंध, गोळ्यांची जन्माची सवय लागते, आणि तरीही कुणाला उपचार हवेच असतील तर सरकारी दवाखाने आहेत, लोकच जात नाहीत. पाठवणारी माणसं माझीच आहेत, त्यांच्या मनात वाईट नाही. पण हा मेसेज वाचून एखादी बाई दवाखान्याच्या वाटेवरून माघारी फिरू शकते, म्हणून लिहितेय.

‘कष्टकऱ्याला असले आजार होत नाहीत.’

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, हे आधीच सांगते. महानगरांत १४.७ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला, ग्रामीण भागात ९.६ टक्के. शहरात प्रमाण जास्त, मेसेजमधलं तेवढं खरं. पण दोन हजार मोठ्या माणसांच्या गावाला हाच ९.६ चा हिशोब लावला तर, सगळे मानसिक आजार धरून, एकशेनव्वदच्या आसपास माणसं होतात. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांच्या तोंडी ‘डिप्रेशन’ हा शब्दच नसतो. ती म्हणतात, डोकं भणभणतंय. जिवाला करमंना. खाल्लेलं अंगी लागंना. हातापायातलं बळच गेलंय. डॉक्टर सलाईन लावतो, बाई घरी येते, आणि आठ दिवसांनी पुन्हा तिथंच जाऊन बसते.

‘भरलेल्या घरात माणूस एकटा पडत नाही.’

माझी आत्या सेलूकडं दिलेली. घरात अकरा माणसं. चार वर्षांपूर्वी तिची झोप गेली. पहाटे तीनला उठून चुलीपाशी बसायची, चूल न पेटवता. जेवण तुटलं, नातवंडांशी बोलणं तुटलं. घरच्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. उलट ज्याला जे सुचलं ते त्यानं केलं : ताकदीची सलाईनं झाली, रक्त-लघवी झाली, डोक्याचा फोटो काढून झाला, अंगारा लावून झाला. ‘मन रमव’ तर रोज कुणी ना कुणी म्हणायचंच. असे नऊ महिने गेले. त्या अकरांतल्या एकालाही तिला खरा प्रश्न विचारता आला नाही. विचारला तो नव्या सुनेनं, तेही आशाताईंनी सांगितल्यावर : ‘आत्या, मरून जावं असं वाटतं का?’ आत्या हुंदके देऊन रडली आणि ‘हो’ म्हणाली. असं विचारलं की नसता विचार मनात शिरतो, ही भीती आपल्याकडं घरोघर आहे. ती खोटी आहे. विचारल्यानं माणसाला बोलायला जागा मिळते.

माया आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्याला माया भरपूर मिळाली, उपचार नऊ महिन्यांनी मिळाला.

शिवाय भरलेलं घर भरलेलं राहतं किती दिवस? दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असतात, ते फिटल्याशिवाय सुटका नाही. मागं म्हातारी माणसं आणि लेकरं. ‘एकत्र कुटुंब’ म्हणून मेसेजमध्ये जे दाखवलंय, ते त्या घरांत निम्मं वर्ष नसतंच.

‘शेतकरी कर्जापायी जातो, मनापायी नाही. समुपदेशन म्हणजे सरकारची पळवाट.’

या मुद्द्यातला राग मला पटतो. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. सोयाबीनला भाव नाही, बोअर आटलेलं, बँकेनं दारातून परत पाठवलं म्हणून सावकार गाठलेला. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून वाटेला लावणं हा अन्यायच. भाव, पीकविमा, पाणी यांची जागा समुपदेशन घेऊ शकत नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर त्याला मीही विरोध करीन.

पण ‘कर्ज की मन’ असा वाद घालायचा कशाला? कर्जाच्या ओझ्याखाली आधी झोप जाते. मग हिशोब सुचत नाही. मग फेरकर्जाचा अर्जही भरवत नाही, आणि यातून वाट निघेल हे दिसेनासं होतं. मोडलेला पाय अपघातामुळं मोडला म्हणून प्लास्टर कुणी नाकारत नाही. शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्यासारखीच कोरडवाहू, कर्जबाजारी गावं ती. मदत दारात आल्यावर त्यांनी ती घेतली.

आणि मागं राहिलेल्या बाईचं काय? नवरा गेल्यावर प्रकरण सरकारी मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरेपर्यंत ती कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढते. पात्र ठरलं तर एक लाख. त्या महिन्यांत ती झोपते का, जेवते का, हे विचारायला कोण जातं? मेसेजमध्ये तिच्यासाठी एक ओळही नाही.

‘गोळ्यांची सवय लागते.’

काही गोळ्यांची लागते. डॉक्टरला न विचारता मेडिकलवरून आणून वर्षानुवर्षं घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांची तर नक्कीच. पण नैराश्यावरच्या मुख्य गोळ्या त्या जातीच्या नाहीत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि लोक आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, तिथं घोटाळा होतो. बंदही एकदम करायच्या नसतात. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

‘देव आहे ना.’

आहे, आणि कुणाची श्रद्धा मोडायची गरजही नाही. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना सोबत घेऊन ‘दवा आणि दुवा’ सुरू झालं : प्रार्थनाही चालू, गोळ्याही चालू. आजारी माणसाला साखळीनं बांधून ठेवायला मात्र माझा ठाम नकार आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्ण ठेवलेल्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळदंडांत बांधलेल्या २८ माणसांना पळताही आलं नाही.

‘सोय आहे, लोकच जात नाहीत.’

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीनं होतं. महाराष्ट्रात जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही आलं नाही. आपल्याला आधार वैद्यकीय महाविद्यालयांचा आणि जिल्हा रुग्णालयांचा. तिथं चांगले डॉक्टर आहेत, हे आत्यामुळं मला माहीत आहे. पण सेलूच्या पुढच्या खेड्यातून तिथं जायचं म्हणजे दोन एसट्या, सोबत एक माणूस, दोघांचा बुडालेला रोज, आणि रांगेत कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती. हे दर महिन्याला. इतकं करून जी येतात त्यांना हात जोडावेत.

दर तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ लगेच मिळणार नाही, मान्य. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ३९ टक्के. आपल्याकडं आशाताई आहेत, गटप्रवर्तक आहेत. त्यांना शिकवा, आणि त्याचा वेगळा मोबदला द्या. तालुक्याची मानसिक आरोग्याची ओपीडी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. त्या दिवशी माणूस तसाही येतो, आणि कुठं चाललास असं कुणी विचारत नाही.

तोवर फोन आहे : १४४१६, टेलि-मानस. २०२२ पासून चालू, मोफत, दिवसरात्र, मराठीतून. मेसेज पुढं पाठवायचाच असेल तर हा नंबर पाठवा.

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात आत्याच्या गोळ्या संपल्या. ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणून सांगितलं. तिनं उरलेली पाकिटं एक दिवसाआड पुरवली, आणि श्रावणात ती पुन्हा पहाटे तीनला चुलीपाशी बसलेली दिसली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगतं की आवश्यक यादीतली ही औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत. सुनेनं त्या कलमाचा मराठी उतारा वहीत लिहून घेतलाय. आता ती गोळ्या आणायला जाते तेव्हा वही सोबत नेते, आणि खिडकीवर ‘संपल्या’ म्हणाले की ते लेखी मागते.