त्या पावसात दूध नव्हतं

जुन्या हॉलिवूड संगीतपटांबद्दलचा एक संदेश पुन्हा फिरतोय. ‘सिंगिन इन द रेन’च्या पावसात म्हणे थेंब दिसावेत म्हणून दूध मिसळलं होतं, नायिकांचे आवाज उसने होते, १९३०च्या दशकातल्या मंदीत पोळलेल्यांना भुलवायला असले गोड चित्रपट काढले आणि आज ते आवडतात ते निव्वळ स्मरणरंजन म्हणून.

आधी दुधाचं. थेंब दिसतात ते मागून टाकलेल्या प्रकाशामुळे. पावसाळी रात्री रस्त्याकडेला उभं राहून पाहा: समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांत सर न् सर उजळते, गाडी गेली की पाऊस नुसता ऐकू येतो. १९५२च्या त्या चित्रपटात हेच तत्त्व वापरलंय. अंगात १०३ अंश ताप घेऊन नायक जीन केली त्या पाण्यात नाचला, हे मात्र संदेशात नाही.

आवाजांचं म्हणणं बरंचसं खरं. ‘माय फेअर लेडी’त (१९६४) नायिका ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी गायिका मार्नी निक्सननं गायली आणि श्रेयनामावलीत तिचं नावच नव्हतं. हा अन्यायच. पण हॉलिवूडनं ही गोष्ट दडपली असं नाही. ‘सिंगिन इन द रेन’ची सगळी कथाच उसन्या आवाजावर उभी आहे.

मंदीचा मुद्दा तर मला सर्वांत खटकतो. ‘गोल्ड डिगर्स ऑफ १९३३’ सुरू होतो पैशांच्या गाण्यानं, आणि देणी थकली म्हणून जप्तीवाले येऊन तालीमच बंद पाडतात. शेवटच्या गाण्यात पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक फुकट अन्नाच्या रांगेत उभे दिसतात. आदल्याच वर्षी, १९३२ साली, भत्ता मागायला वॉशिंग्टनला आलेल्या अशाच माजी सैनिकांना लष्कर घालून हुसकावलं होतं. प्रेक्षकांना ते आठवत नसेल?

राहिलं स्मरणरंजन. ज्यांचा जन्मच नंतरचा, त्यांना कसली आठवण येणार? त्यांना आवडतं ते कसब. नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअरचा आग्रह असे की नाच डोक्यापासून पायापर्यंत दिसावा आणि मध्ये कमीत कमी कात्री लागावी. चुकलं तर लपायला जागाच नाही. ‘स्टॉर्मी वेदर’मधले (१९४३) नर्तक निकोलस बंधू पाहा. फेयार्ड आणि हॅरल्ड पायऱ्यांवरून उतरताना आळीपाळीनं एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारतात, दोन्ही पाय फाकवून थेट खालच्या पायरीवर बसतात आणि हात न टेकता उठतात. मी ते कितीदा पाहिलंय याची मोजदाद नाही. दर वेळी त्या पायऱ्यांपाशी श्वास अडकतो.