वाचून सही करणारा माणूस

बत्तीस वर्षे बँकेच्या खिडकीमागे बसून मी खातेदारांना "वाचून सही करा" असे बजावत आलो. माझ्यासमोर कोणी खरोखर वाचून सही केल्याचे आठवत नाही. निदान आपण तरी तो उपदेश पाळावा, अशी बुद्धी मला ऐन मे महिन्यात झाली.

नागपूरच्या भाचीच्या वास्तुशांतीसाठी चादरी पाठवायच्या होत्या. सोलापुरात राहून सोलापुरी चादर संकेतस्थळावरून मागवणे म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का टपालाने मागवणे होय, हे मला मान्य आहे. परंतु भर उन्हात नवी पेठेतून गाठोडे वाहण्यापेक्षा चादरी परस्पर नागपूरला पोहोचतील, हा चौदा वर्षांच्या नातवाचा मुद्दा बिनतोड होता.

"आजोबा, फक्त खाली टिक करा," तो म्हणाला आणि माझे बोट थबकले. दुकानात मी काठ ओढून पाहतो, चादर उलटी करून वीण तपासतो, रंग जाईल का असे तीनदा विचारतो. मग करार तेवढा न पाहता करायचा? केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10अ सांगते. टिक ही सहीच.

दिवसाला दोन-तीन कलमे, अशा गतीने मी पारायण सुरू केले. संकेतस्थळ वापरताच अटी मान्य झाल्या, असे पहिलेच कलम म्हणत होते. म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत पाळणा वर गेल्यावर तिथे पाळण्याचे नियम टांगलेले दिसावेत, त्यातला प्रकार. पुढे, मी टाकलेले कोणतेही छायाचित्र जगभर, कायमस्वरूपी आणि विनामोबदला वापरण्याचा हक्क कंपनीला होता. मागे मी एका टॉवेलचा फोटो टाकला होता. त्यात शेजारी वाळत असलेली माझी फाटकी बनियनही आहे, आणि आता तीही जगभर, कायमस्वरूपी. माझ्यामुळे कंपनीचे नुकसान झाल्यास ते वकिलाच्या फीसह मी भरायचे. कंपनीमुळे माझे झाल्यास भरपाई मात्र फार तर चादरीच्या किमतीएवढी.

वाद झाल्यास दाद परगावच्या न्यायालयातच मागायची, या कलमाने मात्र माझी झोप उडवली. शेजारच्या वकीलसाहेबांनी कडक भाकरी मोडता मोडता धीर दिला, की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपण राहतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करू शकतो. सल्ल्याची फी म्हणून त्यांनी शेंगाचटणी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

खात्यावरून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारास खातेदारच जबाबदार राहील, हे बारावे कलम मी पाचव्या दिवशी नातवाला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवले.

"आजोबा, चादरी पहिल्याच दिवशी मागवल्या. तुम्ही चष्मा शोधत होता, तेव्हा मीच टिक केलं."

1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, हे मी त्याला समजावू लागलो. पण खाते माझे होते आणि पासवर्ड माझ्याच हस्ताक्षरात फ्रिजवर चिकटवलेला होता. तेवढ्यात नागपूरहून फोन आला. "मामा, चादरी सुंदर आहेत, पण डबल सांगितल्या होत्या ना? सिंगल आल्यात. परत कशा करायच्या?"

परतीचे नियम चौदाव्या कलमात होते. मी अजून तेरावर होतो.