सोलापुरात गाणं ऐकायला येताय? जेवून या

उन्हाळ्यातला संगीत महोत्सव ऐकायला सोलापूरला येणारात का? या की. मे महिना, पारा बेचाळीस-त्रेचाळीस, उघडं मैदान, जवळच भुईकोट किल्ला आणि तुमच्यासाठी दुपारभर उन्हात भाजून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. परवाच हा अनुभव घेऊन आलोय, डोकं अजून तापलेलंच आहे, तेवढ्यात चार टिपा लिहून टाकतो.

पत्रिकेवर ‘सायं. ६ वाजता’ छापलेलं असतं ते मांडववाल्यासाठी. तुम्ही मनावर घेऊ नका.

किल्ला बघायचा असेल तर सकाळीच उरका. बहामनी काळातला आहे, दुहेरी तटबंदी आहे, सिद्धेश्वर तलाव शेजारीच. दुपारी गेलात तर तुम्हीच अवशेष व्हाल.

पाण्याची बाटली घरून आणा. आमच्या नळाला चार-पाच दिवसाआड येतं, मांडवात कुठून येणार.

खुर्ची पकडताना ‘राखीव’ लिहिलेला कागद वाऱ्यानं उडालाय का ते बघून बसा. नाहीतर बॅज लावलेला पोरगा येतो, “ओ काका, उठा की, साहेब येणारेत.” साहेब येतात, सत्कार घेतात आणि गाणं सुरू व्हायच्या आत जातात. पहिल्या रांगा रिकाम्या राहतात आणि आपण मागं स्पीकरच्या खांबाला टेकून उभे.

दीपप्रज्वलन मात्र चुकवू नका. समईत वाती पाच, पाहुणे नऊ. फॅनच्या वाऱ्यानं काडी विझते, मग मागून कुणीतरी ओरडतं, “फॅन बंद कर की बे!” फॅन बंद होतो, वात लागते, फोटो होतो. एक पाहुणा फोटोत अर्धाच आलाय म्हणून तो पेटलेली वात परत पेटवतो. फॅन परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही ते नाहीच.

आता मेन कार्यक्रम, म्हणजे सत्कार. गाणं ऐकायला आलो असं कुणाला सांगू नका, हसतील. आधी प्रमुख पाहुण्यांचा, मग अध्यक्षांचा, मग प्रायोजकांचा, मग प्रायोजकांच्या वडिलांचा, मग मंडपवाल्याचा, मग ज्यांनी आत्ता सत्कार केला त्यांचाच सत्कार, आणि हे सगळं बेचाळीस डिग्रीत तापलेल्या मैदानात जाडजूड शाल पांघरून! चादरी आणि टॉवेलसाठी देशभर नाव असलेलं हे गाव, निदान एकेक टॉवेल तरी द्या ना लोकांना, घाम पुसायला उपयोगी पडेल. एका पाहुण्याला शाल घातली तर बिचाऱ्याचा चष्मा वाफाळला, तरी फोटोवाला म्हणतोय, साहेब जरा इकडं, अजून एक.

मग भाषणं. प्रत्येक वक्ता गावचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपासून सुरुवात करतो, तिथून इंग्रजांनी गावात लावलेल्या १९३० च्या मार्शल लॉपर्यंत यायला अर्धा तास, आणि आल्यावर काय, तर चार हुतात्म्यांची नावं घेताना एक जण तिसऱ्यालाच अडखळला आणि ‘इत्यादी’ म्हणून पुढे गेला. इत्यादी?? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. चार नावं आहेत ओ. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेली आपल्या गावची माणसं. प्रायोजकांची यादी मात्र पाठ होती, दुकानाच्या पत्त्यासकट.

हे सगळं चालू असताना गायिका विंगेत बसून होत्या. तंबोरे लावून झालेले, गरमीनं परत उतरलेले, परत लावलेले. तबलजी हातोडी घेऊन ठोकतोय आणि इकडे निवेदक शेर मारतोय. त्या मारवा गाणार होत्या असं तबलजीकडूनच नंतर कळलं. मारवा सूर्यास्ताचा राग, मेमध्ये इकडं सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, आणि त्यांना स्टेज मिळालं सव्वानऊला. घड्याळाकडं बघितलं त्यांनी आणि सरळ रात्रीचा राग बागेश्री धरला. विलंबित, म्हणजे सुरुवातीचं संथ लयीतलं गाणं, कसंबसं रंगायला लागलं, एक आलाप असा काही गेला की मागं उभी असलेली माणसंसुद्धा गप्प झाली, आणि तेवढ्यात आयोजक वाकून कानात, “मॅडम, दहाच्या आत आटपा.” कारण रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासूनचा. बरोबर आहे नियम. पण तो सत्कार करताना आठवत नाही का? शेवटाची भैरवी दोन मिनिटांत गुंडाळायला लावली त्यांना. वर “वेळेअभावी” म्हणून माफीसुद्धा श्रोत्यांकडंच मागितली त्यांनी, म्हणजे चूक कुणाची आणि माफी कोण मागतंय!

लाज वाटायला पाहिजे. बाहेरगावहून कलाकार बोलवायचा, रेल्वेचं तिकीट काढायचं, पोस्टरवर त्याचा फोटो आपल्या सगळ्यांच्या फोटोंच्या खाली लावायचा आणि त्याला पाऊण तास द्यायचा. हुतात्मा स्मृती मंदिरासारखं छप्पर असलेलं नाट्यगृह गावात आहे ना, तिथं घ्या की. आणि मैदानच पाहिजे असेल तर सातला पहिला सूर लागला पाहिजे, साहेब येवोत न येवोत. ज्यांना शाल पाहिजे त्यांनी गाणं संपेपर्यंत बसावं, दहानंतर माईक बंद करून घ्यावी. बघू किती जण थांबतात.