पडी ऱ्हाय!

सहलीच्या कागदावर चौथ्या दिवसापुढे एकच ओळ होती : 'पूर्ण दिवस आराम, समुद्रकिनारा.' बाकीच्या दिवसांत बोटी होत्या, बेटं होती, पहाटे पाचला उठून धावपळ होती. त्यामानाने हा दिवस सोपा जाईल असं मला वाटलं. आमच्या घरात आजवर कुणीच दिवसभर आराम केलेला नसल्यामुळे त्यात काय अवघड असतं, हे कळायला काही मार्गच नव्हता.

थायलंडमधल्या फुकेतच्या या किनाऱ्याचं नाव काटा. ते ऐकताच माझे वडील, आप्पा, सावध झाले. चाळीस वर्षं कापूस विकलेल्या माणसाला काटा म्हटलं की आपलं वजन कमी भरणार, एवढंच कळतं. आणि घडलंही तसंच. वाळूत मांडलेल्या चार खाटा आणि दोन छत्र्या, दिवसभराचे ४०० बाट. बाटाला अडीच-तीन रुपये धरून आप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "हजाराच्या वर? इतल्यात नवी बाज येते, आणि ती मरेपर्यंत आपली!"

पण पैसे मी देऊन बसलो होतो. त्यामुळे हुकूम सुटला : संध्याकाळी सहापर्यंत कुणीही खाट सोडायची नाही. बायको समुद्रात पाय बुडवायला उठली तर तिच्या सासऱ्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा मात्र हळूच वगैरे काही नव्हतं. "पैसा भरेल शेतस. पडी ऱ्हाय!"

मायची अडचण वेगळी. आजूबाजूला गोरी मंडळी अंगाला तेल चोपडून उन्हात पालथी पडली होती आणि अर्ध्या-पाऊण तासाने कूस बदलत होती. मे महिन्यात धुळ्याचा पारा ४४ च्या आसपास गेला की आम्ही दारं लावून घेतो, बाहेर पडलोच तर डोक्याला उपरणं आणि खिशात कांदा. आणि इथे लोक विमानाचं भाडं भरून उन्हात! "या लोकेस्ले घर नही का?" मायने विचारलं. मग बराच वेळ त्यांच्याकडे निरखून पाहत राहिली. ती नजर मी ओळखतो. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले की एक बाजू वाळली का हे ती अशीच बघते. शेजारचा एक लालबुंद गृहस्थ खूप वेळ हललाच नाही, तेव्हा ती कासावीस झाली. तिला उठून त्याला उलटवावंसं वाटत होतं, याबद्दल माझी खात्री आहे. पदराखाली हात घट्ट धरून बसली बिचारी.

दहा वाजता गावाहून फोन. तिकडे साडेआठ. वेचणीला बाया आल्या नव्हत्या, शेजारच्याने किलोमागे भाव वाढवून पळवल्या होत्या. पुढचा पाऊण तास अंदमान समुद्राला साक्री तालुक्यातल्या कापसाची साद्यंत हकिगत ऐकावी लागली. खाट मात्र आप्पांनी सोडली नाही.

ती सोडवली माझ्या लेकीने. ती वाळूत किल्ला करत होती, लाट आली की तो जायचा. आप्पांनी तीनदा ते आडवं पडून पाहिलं. चौथ्यांदा मात्र त्यांच्यातला पांझरा नदीकाठचा माणूस जागा झाला. आमच्याकडे फडाची बागायत. नदीवर बंधारा, तिथून पाट, पाटाखाली शेतांचे गट म्हणजे फड, आणि पाणी पाळीपाळीने. ज्याने जन्मभर पाळीच्या पाण्यासाठी रात्री जागून काढल्या, त्याच्यासमोर एवढं पाणी कुणाची पाळी नसताना नुसतं येत-जात होतं. ते कसं बघवणार? पायजमा गुडघ्यापर्यंत गेला. आधी बंधारा, मग पाट, मग चार फड. दोन रशियन पोरं येऊन उभी राहिली, त्यातलं एक पाणी सोडणारा पाटकरी नेमलं गेलं, दुसरं राखण करणारा जागल्या. आप्पा अहिराणीत ओरडत होते, पोरं रशियनमध्ये, आणि काम आमच्या ग्रामपंचायतीपेक्षा बरं चाललं होतं.

जेवायला बोलावलं तर कुणी आलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिकडेच पोचवावी लागली. जागल्याने चटणीचा मोठा घास घेतला आणि समुद्राकडे पळाला.

रिकाम्या खाटेचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी दोन खाटांवर आडवा झोपलो. कंबर अजून सांगते.

चारनंतर भरती वाढली आणि एका लाटेत चारही फड पाण्याखाली गेले. आप्पा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "सांडवा ठेवायचा राहिला," एवढंच बोलले. मग पुन्हा पहिल्यापासून, आता सांडव्यासकट.

पावणेसहाला खाटवाला छत्र्या मिटायला आला. आप्पा भिजलेल्या पायजम्याने परत आले, वेळ विचारली. "मंग पंधरा मिनिट बाकी शेतस," म्हणाले आणि आडवे झाले. मिनिटभरात घोरायला लागले.

खाटवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. छत्री बाजूला ठेवून तोही वाळूत बसला.